परबकाकांची अठरा नावं

परबकाका घाबरट होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुमचा समज व्हायचा की एखाद्या धीराच्या पुरुषाची गोष्ट चालली आहे. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला हा माणूस आमच्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकमधल्या लिफ्टला भ्यायचा. दार उघडलं की काका आधी नुसती मान आत घालायचे आणि ऐकायचे. मागे ताटकळलेली चिनी आजी म्हणायची, "अंकल, गो इन लाह." काका तिला हात जोडायचे आणि आणखी दोन सेकंद ऐकायचे. मग म्हणायचे, "दोर ठीक आहे. चला."

ईस्ट कोस्टला आम्ही शनिवारी कधी मिळून जेवायला गेलो, तर ते समुद्राकडे पाठ करून बसत. सगळं सिंगापूर ज्या हवेसाठी तिथे येतं ती हवा काकांच्या मानेला लागायची. मी एकदा विचारलं, "काका, समोर बघा की, जहाजं किती छान दिसतात." ते सातेच्या काडीवरचा भाजलेला तुकडा ओढत म्हणाले, "ज्यांना दुरून दिसतात त्यांना छान दिसतात."

गुणाजी परब हे त्यांचं पूर्ण नाव. गाव सिंधुदुर्गात, पण समुद्राकाठचं नाही. सह्याद्रीच्या पोटात, घाटाखाली सात वाड्या आहेत, एकीचा दिवा दुसरीला दिसणार नाही अशा झाडीत. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या डोंगर चढून पलीकडे कामाला जात. मग कुणीतरी एक जण बंदरावर गेला, जहाजावर लागला, त्याने भाच्याला ओढलं, भाच्याने मेहुण्याला. आता त्या सात वाड्यांतले सतरा पुरुष निरनिराळ्या समुद्रांवर होते आणि अठरावे काका. ते इथे एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरीला होते आणि माझ्या शेजारच्या दारात राहत होते.

मी पुण्याची. वन-नॉर्थ भागात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्यावर. दर दोन वर्षांनी पास वाढेल की नाही या काळजीत माझंही रक्त आटायचं, पण ते मी कुणाला दिसू देत नसे. काकांचं उलट होतं. भीती त्यांनी कधी लपवली नाही. ते म्हणायचे, "इंजिनरूममध्ये न भिणारी दोन माणसं पाहिली मी. दोघांचे हात कोपरापर्यंत भाजलेले होते."

त्यांच्या खिशात कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर. यंत्राला टोक लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. माझ्या वॉशिंग मशीनला त्यांनी मी न विचारता तो लावला होता, आणि "बेअरिंग जातंय, आठ दिवस" असं सांगून चहा पिऊन गेले. नवव्या दिवशी मशीनने मान टाकली. तेव्हापासून मी त्यांच्या भीतीला नावं ठेवायचं बंद केलं.

आमची खरी गट्टी जमली ती त्यांच्या रविवारच्या कार्यक्रमामुळे. दर रविवारी सकाळी काका अर्ध्या तासाचं एक रेकॉर्डिंग करत आणि सात वाड्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर पाठवत. तिथे ते देवळाच्या स्पीकरवर लागे, पिंपळाखाली माणसं जमत. जहाजावरची पोरं नेटवर्क मिळेल तिथे ऐकत. गावातल्या बातम्या लोक आठवडाभर काकांना कळवत आणि काका त्या गावालाच परत सांगत. मला हे आधी अगदी खुळचटपणाचं वाटलं. ज्यांच्या गोठ्यात बिबट्या शिरला त्यांनाच सिंगापूरहून सांगायचं की तुमच्या गोठ्यात बिबट्या शिरला. पण काका ते सांगत कसे, ते ऐकायला हवं होतं. बिबट्याचा प्रवेश दशावतारातल्या संकासुरासारखा व्हायचा, मृदंगावर थाप, "कोण रे तू? कुठल्या मुलखातला?" ट्रान्सफॉर्मर जळला की त्याच्यावर भजनी चालीत गजर रचलेला असे आणि त्यात वायरमनचं नाव यमकात बसवलेलं असे. तो वायरमन म्हणे ते ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आला.

ही कल्पना त्यांना सुचली ती भलत्याच डोंगरांवरून. तरुणपणी एका जहाजावर डेल नावाचा अमेरिकन सेकंड इंजिनिअर त्यांच्याबरोबर होता. तो अ‍ॅपलाचियाचा, कोळशाच्या खाणींच्या डोंगरातला. त्याची बहीण त्याला गावच्या रेडिओच्या कॅसेटी भरून पाठवायची. फिडलचं एक गाणं, मग कोण वारलं, कुणाचं खेचर हरवलंय, कुठल्या चर्चमध्ये जेवण आहे, मग एखादी म्हातारी भुताची गोष्ट सांगणार, परत बँजो. "त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळायचं," काका म्हणायचे, "पण चाल ओळखीची होती. डोंगरातली माणसं सगळीकडे तशीच बोलतात, शेवटचा शब्द गिळून." त्या डेलने त्यांना एक गोष्ट सांगितली होती. खाणीत काही झालं की त्यांचा रेडिओ गाणी बंद करायचा आणि वर आलेल्यांची नावं वाचायचा. मेलेल्यांची नाही. फक्त वर आलेल्यांची. बायका रेडिओपाशी बसून ऐकत राहायच्या आणि नावं संपायची.

काकांच्या गावातही तसंच होतं, फक्त रेडिओ नव्हता. तिथे देवापुढे गाऱ्हाणं घालायची रीत आहे. एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. घाटापलीकडे गेलेल्यांची नावं त्या गाऱ्हाण्यात घ्यायची, आणि ज्याचा निरोप आला असेल त्याचंच नाव घ्यायचं. मेलेल्या माणसाचं नाव राखणदार देवापुढे जिवंतांत घातलं, तर देव समजतो की हा खोटं बोलतो आणि मग बाकीच्यांकडेही लक्ष देत नाही. ही तिथली समजूत. काका इंजिनिअर असूनही ती अक्षरशः मानत होते, आणि मी कॉम्प्युटरवाली असूनही त्यांच्यापुढे हसायची माझी छाती नव्हती.

म्हणून कार्यक्रमाच्या शेवटी नावं. प्रत्येकाने शनिवारपर्यंत काकांना एकच शब्द पाठवायचा, "आसंय". म्हणजे आहे मी. तो आला की काका वहीत नावापुढे टिंब करत. एखाद्याचा आला नाही की एजंटांना फोन, बंदरावर फोन, ओळखीच्या कप्तानाला फोन, शेवटी तो पोरगा झोपेतून उठून "आसंय रे काका" म्हणेपर्यंत. इतकी वर्षं एकही नाव कधी गळलं नव्हतं.

रेकॉर्डिंग होई बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक खोली असते, युद्ध झालं तर आत बसायला. युद्ध होत नाही म्हणून लोक तिथे सुटकेसा ठेवतात. काकांच्या शेल्टरमध्ये कोकमाच्या बरण्या, मृदंग आणि दोन स्टुलं होती. दार लावलं की बाहेरचा आवाज पार तुटायचा. पण दार लावलेल्या खोलीत एकटं बसायला काका भीत. आधी त्यांची बायको, शैलाकाकू, आत बसायच्या, पण त्यांना दम लागायचा. मग ते काम माझ्याकडे आलं. माझं काम म्हणजे फोन धरायचा, दाराच्या कडीवर हात ठेवायचा आणि "होय म्हाराजा" म्हणायचं. नंतर रेकॉर्डिंग साफ करून पाठवायचं. पुण्यात आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून हे करतेस?" मी म्हटलं, "हो."

काकांच्या गोष्टींबद्दल सांगायला हवं. नावांच्या आधी एक गोष्ट असे, बहुधा चकव्याची. घाटात वाटसरूला चकवा लागतो, ओळखीची वाट फिरून फिरून त्याच झाडापाशी आणते. काका ती सांगताना मध्येच थांबत आणि कान देत. काही न बोलता नुसते ऐकत. त्या थांबण्यात ऐकणाऱ्याचा जीव जायचा. एकदा आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांनी मुलांना ही गोष्ट सांगितली. इथली मुलं इंग्रजी शाळेतली, मराठी अर्धवट कळणारी, पण त्या थांबण्याला भाषा लागत नव्हती. "अंकल, स्टॉप लाह, सो स्केअरी," म्हणत एक मुलगी आईच्या मांडीत शिरली. नंतर दोन आया माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या की मुलं एकटी बाथरूमला जात नाहीत. मी ती तक्रार काकांना पोहोचवली. काका ओशाळून म्हणाले, "अगो, मी तरी कुठे जातोय." त्या दिवशी कार्यक्रमाहून परतताना ब्लॉकखालून आमच्या मजल्यापर्यंत ते माझ्या पुढे चाललेच नाहीत.

आणि आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मला वाटायचं, काकांचं रेकॉर्डिंग फार खोकल्याचं होतं. म्हणून मी एका रविवारी हुशारी केली. आमच्या ऑफिसात वापरतात तसं एक सॉफ्टवेअर लावलं. ते खोकला, खरखर, रिकामी जागा आपोआप कापतं. ऐकायला फार सुरेख झालं. मी ते पूर्ण न ऐकता पाठवलं आणि भाजी आणायला गेले. परत आले तर काकांच्या दारात चपलाही न घालता शैलाकाकू उभ्या. "वैशाली, दिगंबरचं नाव कुठे गेलं?"

दिगंबर हा खालच्या वाडीतला. त्याचं नाव घेताना काकांना ठसका लागला होता आणि सॉफ्टवेअरने ठसक्याबरोबर नावही कापलं होतं. गावात तोपर्यंत दिगंबरच्या बायकोच्या, सुमनच्या, दारात बायका जमल्या होत्या. सुमन म्हणे दोन वेळा स्पीकरवाल्याकडे जाऊन म्हणाली, परत लाव, मला ऐकू आलं नसेल. त्याने परत लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर ती तिथेच बसली. दिगंबर त्या वेळी युरोपातल्या कुठल्याशा बंदरात कपडे धूत होता. त्याचा आवाज तिच्या कानावर पडेपर्यंत चार तास गेले.

काका मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी सुमनशी फोनवर बोलायचा मी हट्ट केला, माफी मागायला. ती म्हणाली, "तुम्हीच काय त्या?" आणि फोन सासूकडे दिला. तेव्हा मला कळलं की मी कसल्या गोष्टीला हात लावला होता. त्यानंतर मी प्रत्येक रेकॉर्डिंग तीनदा ऐकून, नावं मोजून मगच पाठवत असे. अठरा. सतरा जणांची आणि शेवटी "आणि मी, गुणाजी परब, सिंगापुरात."

त्या सतरांत महेश नावाचा एक मुलगा होता, वरच्या वाडीतला, इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल घालणारा ऑईलर. त्याची आई तुळसाकाकी विधवा, एकुलता एक मुलगा. त्याला जहाजावर लावलं ते काकांनीच, शब्द टाकून. इथल्या बंदरात त्याचं जुनं मालवाहू जहाज दुरुस्तीला आलं होतं तेव्हा तो काकांकडे जेवायला आला होता. मीही होते. चार चपात्या खाऊन वर भात मागितला आणि माझ्याकडे बघून लाजला. काका यार्डातून त्या जहाजावर जाऊन आले होते. कानाला स्क्रूड्रायव्हर लावून त्यांनी मुख्य पंप ऐकला होता आणि आवाज आवडला नाही म्हणून तसं लेखी दिलं होतं. मालकाने पुढच्या बंदरात बघू म्हटलं. काकांनी महेशला सांगितलं, उतर इथेच. तो म्हणाला, "काका, चारच म्हयने उरले. आता उतरलंय तर परत कोण घेतलो?" यावर काका गप्प बसले. ते गप्प बसणं त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

दोन महिन्यांनी, एका सोमवारी, ते जहाज बोलायचं थांबलं. वादळाचे दिवस होते. मंगळवारी एजंट म्हणाला, अँटेना गेली असेल. बुधवारी म्हणाला, विमान पाठवलंय बघायला. गुरुवारपासून तो फोन उचलेना. काका कामावरून आले की बूट न काढता सोफ्यावर बसत, फोन मांडीवर. शनिवारी वहीत सोळा नावांपुढे टिंब होतं. महेशची नववी ओळ मोकळी होती. तुळसाकाकीने तीन वेळा फोन केला होता. एकच प्रश्न, "उद्या नाव घेतलंस मां?" काका दर वेळी म्हणत, "उद्या ऐक."

रविवारी सकाळी आम्ही शेल्टरमध्ये बसलो. मी दार लावलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या खोलीची भीती वाटली. काकांनी बातम्या सांगितल्या, एक गजरही म्हटला, आवाज थोडा खाली होता इतकंच. गोष्ट सांगितली नाही. मग थांबले. गोष्टीत थांबत तसे नाही, बंद पडल्यासारखे. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"काका, नाव घ्या," मी म्हटलं. "अजून काही कळलेलं नाही. तो जिवंत असू शकतो."

"असू शकतो म्हणून नाव घेत नाहीत, गो. निरोप आला म्हणून घेतात."

"मग घेऊ नका. सांगून टाका की जहाजाचा पत्ता नाही."

"देवळाच्या स्पीकरवर? तिच्या तोंडासमोर सगळ्या वाड्या बसलेल्या असतात." त्यांनी हात गुडघ्यांत दाबून धरले होते. "नाव घेतलं आणि तो नसला, तर बाकीच्या सोळांचं काय? त्यांच्या आयांना मी काय सांगू? की एकीची कीव आली म्हणून तुमची राखण मोडली?"

मी पुण्याच्या शाळेत विज्ञान शिकले आहे. देव असा हिशोब ठेवत नाही, हे मला त्यांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण त्या बंद खोलीत मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. सुमनचा आवाज माझ्या कानात होता. मी कडीवरचा हात घट्ट केला.

मग काका म्हणाले, "चालू कर."

"बा देवा म्हाराजा, सात वाड्यांच्या राखणदारा, तुझी लेकरां पाण्यार गेली हत, परमुलखात गेली हत, तेंच्या वाटेक कोण आडवो येवचो नाय असा कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

मग नावं. एकेक नाव, त्याचं जहाज, त्याचा समुद्र. महेशचं नाव नेहमीच्या जागी, नवव्या क्रमांकावर आलं. काकांचा आवाज जराही हलला नाही. मी "होय म्हाराजा" म्हटलं ते मला स्वतःला ऐकू आलं नाही. नावं पुढे गेली, सोळा, सतरा. मी शेवटच्या ओळीची वाट बघत होते. काकांनी हात पुढे करून माझ्या फोनवरचं बटण दाबलं.

"तुमचं राहिलं," मी म्हटलं.

"राहिलं नाही. एक खोटं घातलं, तर एक खरं काढायला हवं. देवाला सांगितलं, ही राखण माझी होती, ती त्याला दे आणि बाकीच्यांना हात लावू नको."

घाबरट माणूस कसला, मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण काका उठले आणि उठताना भिंतीला धरून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. "वैशाली, आता मला फार भीती वाटायला लागली," ते म्हणाले, "लवकर दार उघड."

मी ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, सतरा नावं मोजली आणि पाठवलं. गावात कुणाच्या लक्षात आलं नाही. आपल्या माणसाचं नाव आलं की लोक पुढचं ऐकायचं सोडतात.

तुळसाकाकीने मात्र सोडलं नव्हतं. ती म्हणे दर रविवारी पदरात अठरा कुळथाचे दाणे घेऊन बसायची आणि नावागणिक एक दाणा वाटीत टाकायची. दुपारी तिचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला, एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती म्हणून. शैलाकाकू आणि मी समोर उभ्या.

"गुणग्या," ती म्हणाली, "एक दाणो माझ्या हातात उरलो. तुझा नाव खंय गेला?"

काकांनी शैलाकाकूंकडे बघितलं.

"माझ्या झिलाचा घेतलंस. तुझा नाय घेतलंस." ती रडत नव्हती. "बरा. मी कोणाक काय सांगूचंय नाय. पण खरी काय ती बातमी इली की माका फोनार सांगू नको. स्पीकरार तर नकोच. तू हंय ये, आणि माझ्या समोर बसून सांग."

त्यानंतरचे चार दिवस मी विसरणार नाही. काकांनी लिफ्ट सोडली. अकरा मजले जिन्याने चढत-उतरत. शैलाकाकू चिडायच्या, "हे काय नवीन?" काका म्हणत, "मी आता राखणीत नाही ना." रस्ता ओलांडताना हिरवा दिवा लागून परत लाल व्हायचा, तरी ते उभेच. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी ऑफिसातून दर तासाला फोन करून "काका, आहात ना?" विचारत होते. माझ्यावरही त्या वहीचा अंमल चढला होता. एका रात्रीत नव्हे, हळूहळू, आणि मी तो झटकूनही टाकत नव्हते.

गुरुवारी मालकाच्या कार्यालयाचं पत्र आलं. जहाज बुडालं होतं. एका तराफ्यावर पाच जण सापडले. त्यांत महेश नव्हता. त्या पाचांतल्या एकाने सांगितलं होतं की पंप बंद पडला तेव्हा ऑईलर खाली होता आणि तो वर आलाच नाही. शोध थांबवला होता. पत्र इंग्रजीत होतं, चार ओळींचं. काकांनी ते मला मराठीत वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं. "मराठीत कसं सांगतात ते ऐकत होतो," ते म्हणाले. "मला जमेलसं वाटत नाही."

शनिवारी दुपारचं विमान होतं. शैलाकाकूंचे गुडघे धरले होते, त्या येऊ शकत नव्हत्या, म्हणून चांगीला सोडायला मी गेले. टॅक्सीत काका पुटपुटत होते. मी कान दिला. "तुळसाकाकी, महेश..." एवढंच ते म्हणायचे आणि थांबायचे. परत पहिल्यापासून. विमानतळावर बॅग दिल्यावर त्यांनी कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागितली आणि न पिता तशीच ठेवली.

"काका, ग्रुपवर उद्याचं काय सांगू?" मी विचारलं.

"काही नको. उद्या मी तिथेच असेन."

आत जायची वेळ झाली. अंगठ्याच्या यंत्राने त्यांचा अंगठा दोनदा नाकारला. तीस वर्षं तेलात आणि लोखंडात हात घातलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा राहत नाहीत, हे तिथल्या मुलीला ठाऊक असावं, कारण तिने दुसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं. काका तिथून वळून माझ्याकडे परत आले. मला वाटलं, पासपोर्ट विसरले.

"वैशाली, मला भीती वाटते," ते म्हणाले.

"तिच्या रडण्याची?"

"नाही गो." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. मी एकदा बोललो की ती पेटवता येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. मी दारात दिसलो की तिला सगळं कळेल. पण माणूस परदेशातून आलाय, उपाशी आहे. ती मला बोलू देणार नाही. आधी भात लावील, कढी करील, समोर बसून वाढील. आणि मला ते सगळं जेवावं लागेल."

त्यांनी चष्मा घातला, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला, आणि ती मुलगी दाखवत होती त्या रांगेत जाऊन उभे राहिले.